जोत्याची उंची

सांगलीत फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक हवा-उजेड, लिफ्ट, पार्किंग हे सगळं मागाहून बघतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “२०१९ ला इथं कुठवर आलं होतं?” काय आलं होतं ते सांगायची गरज नसते. एजंटही मुरलेला. “जिन्याच्या तिसऱ्या पायरीला टेकलं आणि मागं फिरलं,” हे तो इतक्या सहज सांगतो की पुढचं काही विचारायची चोरी. बाकीच्या शहरांतल्या जाहिरातींत जिथं क्लब हाऊस आणि जॉगिंग ट्रॅक असतो तिथं आमच्याकडं ‘पूरमुक्त परिसर’ असं छापलेलं असतं. पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका बाईंना याचं फार हसू आलं होतं. एक पावसाळा काढल्यावर भाडेकरार करताना त्याही हेच विचारायला लागल्या.

पूर आम्ही फुटांत मोजतो आणि ते फूट कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशीचे. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, ही झाली सरकारी भाषा. घरोघरची भाषा वेगळी. चाळिशीच्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथली माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात. त्याच्या पुढं एकेक फूट म्हणजे एकेक गल्ली. प्रत्येक घराला आपापला आकडा पाठ असतो आणि सोयरीक जुळवताना गोत्र सांगावं तसा तो सांगितला जातो. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा लोक म्हणाले, झालं, आयुष्यातला मोठा पूर बघून झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं. मग २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ पार. या तीन आकड्यांनी गावभागातल्या, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीतल्या, जागांच्या किमती बदलल्या, आणि भावाभावांतली बोलणीही. त्यातलंच एक बोलणं सध्या आमच्या घरात चालू आहे.

आमचा वाडा गावभागात, नदीकडं उतरणाऱ्या एका बोळात. सासरे धरून चार भावांचा. आता वारसनोंदी होत होत सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर इतकी नावं चढली आहेत की वाचताना श्वास घ्यावा लागतो. निम्मी मंडळी पुण्यात, एक दीर बंगळुरूला, एक नणंद अमेरिकेत. राहणारे आम्ही आणि धाकटे काका. शिवाय दोन जुने भाडेकरू. भाडं एवढं थोडं की मागायला जायचं म्हणजे आपल्यालाच लाज वाटावी. मागच्या दिवाळीत पुण्याच्या भाऊजींनी घरच्या ग्रुपवर एका बिल्डरचं कोटेशन टाकलं: तळाला पार्किंग, वर चार मजले, प्रत्येक हिस्सेदाराला एक फ्लॅट किंवा रोख. लगेच अंगठ्यांची रांग लागली. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मोबाईल लांब धरून ते चित्र पाहिलं आणि विचारलं, “यात तुळस कुठं आहे?” ते सोडा.

वाडा पाडू नये असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. वाड्याबद्दल हळवं होऊन लिहिणारे बहुतेक जण तिथं राहत नाहीत. मातीची भिंत पुरात पडत नाही, हे मला इथं नांदायला आल्यावर कळलं. पाणी आहे तोवर ती उभी असते. पाणी उतरतं, चार दिवस कडक ऊन पडतं, वरून ती सुकते, आत ओलीच राहते, मग पोट काढते आणि बसते. २०१९ ला आमच्या मागच्या सोप्याची भिंत अशी गेली. घर खरवडून, धुऊन, फिनेल मारून झालं होतं, गॅस पेटला होता, पंधरवड्यात पहिल्यांदा घरचं पिठलं-भाकरी खायला बसलो होतो. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. पोतं ठेवल्यासारखा एक धप्प, आणि धुळीनं ताट भरलं. त्या भिंतीतला सागवानी खांब मात्र दगडी तळखड्यावर जसाच्या तसा. पाणी कुठवर चढलं होतं त्याची पिवळट रेघ त्याच्यावर अजून आहे, माझ्या डोक्याच्या वर हात उंच केला तर बोटं लागतात तिथं.

तेव्हा, नवं बांधायला हवं याबद्दल वाद नाही. वाद आहे तो किती उंच, या प्रश्नावर. मजल्यांची उंची नव्हे. जोत्याची.

लग्न होऊन आले तेव्हा बोळातून दिंडी दरवाजात शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. आता एक पायरी उतरावी लागते. वाडा खचलेला नाही, रस्ता वर आला आहे. दर दोन-तीन वर्षांनी, आणि निवडणूक असली तर त्याच्याही आधी, जुना थर न खरवडता त्याच्यावर नवा थर. आधी डांबर, मग काँक्रीट, त्याच्यावर पेव्हिंग ब्लॉक. गटारीच्या कडा त्या मापानं उचलल्या जातात, घरं कुठं उचलली जाणार? पूर यायची वाट बघायला नको, वळवाची एक जोरदार सर पुरते. पाणी बोळातून येतं आणि दारात थांबत नाही.

शेजारच्यांनी २००५ नंतर जुनं पाडून नवं बांधलं, जोतं रस्त्यापासून चार फूट घेतलं. समोरच्यांनी २०१९ नंतर बांधलं, त्यांनी आणखी वर घेतलं. कोपऱ्यावरचे आत्ता बांधताहेत, त्यांच्या पार्किंगची फरशी आमच्या खिडकीच्या चौकटीला लागते. प्रत्येकानं शहाणपणच केलं आहे. नियमही तेच सांगतो. नदीच्या दोन रेषा असतात: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर परवानगी. मुंबई सोडून बहुतेक राज्यासाठी २०२० च्या डिसेंबरात जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात या पट्ट्यातलं जोतं लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर हवं, असं सांगितलं आहे. निळ्या रेषेच्या आत जुनी अधिकृत घरं असतील तर त्यांनाही, पाटबंधारे खात्याचा दाखला घेऊन, याच उंचीवर पुन्हा बांधता येतं. कागदावर ठीक आहे. माणूस पाण्याच्या वर राहिला पाहिजे, हे कोण नाकारेल? पण नियम एका प्लॉटकडं बघतो. चार प्लॉट वर गेले आणि पाचवा राहिला तर त्या पाचव्याचं काय, हे त्यात नाही.

ही गोष्ट मी एकदा आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांना विचारली. नगररचना खात्यात आयुष्य गेलेलं, बोलताना समोरच्या पेपरच्या कोऱ्या जागेत रेघा मारायची सवय. ते म्हणाले, “वहिनी, एका वाड्याच्या भरावानं कृष्णेचा पूर इंचभरही वाढत नाही. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, शिवाय वारणेचं पाणी हरिपूरला येऊन मिळतं, आणि सांगलीच्या आसपास नदीला उतार जवळजवळ नाही. त्या हिशेबात तुमचा बोळ म्हणजे काहीच नाही.” मग पेन्सिल टेकवून म्हणाले, “पण पूर येतो तो नदीतून, आणि उतरतो तो बोळातून.” पाणी चढताना सगळीकडून चढतं, उतरताना मात्र त्याला वाट लागते. ती वाट भरावानं, कंपाउंड वॉलनं, गाळ्यांच्या शटरनं बुजली की पूर ओसरल्याचं टीव्हीवर सांगून झाल्यावरही आमच्या बोळात गुडघाभर गढूळ पाणी साचून असतं. नियमात खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर, असतो तेव्हा पाण्याला खरंच वाट राहते. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की दोन खांबांच्या मध्ये वीट चढते. आधी वॉचमनची खोली, मग मीटर रूम, मग एक झेरॉक्सचं दुकान. पुढच्या पुरात ते दुकान बुडतं आणि दुकानदाराला भरपाई द्या म्हणून मोर्चा निघतो. त्या मोर्चात आम्हीही चाललो आहोत.

हे सगळं फक्त नदीकाठच्या जुन्या गावात होत असतं तर म्हटलं असतं, नदीकाठ आहे, चालायचंच. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, शामरावनगरात, हाच खेळ जास्त क्रूर आहे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. तिथले एक हमाल आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यांनी शामरावनगरात एक गुंठा घेतला. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेवढ्यात घर, न्हाणी, मोरी आणि एक पेरूचं झाड. व्यवहार स्टँपपेपरवर. सातबाऱ्यावर नाव चढेना, बँक कर्ज देईना, पण जागा आपली. त्या भागाची माती काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी, आणि जमीन सखल. पावसाचं पाणी ज्या उतारानं नदीकडं जायचं त्या खोलगट पट्ट्यांना आमच्याकडं ओत म्हणतात. ओतात पूर्वी कुणी घर बांधत नसे, भात किंवा वैरण करत. जमिनीचे तुकडे पाडणाऱ्यांनी ओतही गुंठ्यांत कापला. मामांनी दोन डंपर मुरूम टाकून जोतं धरलं. पलीकडच्यानं चार टाकले. मग रस्ता आला, तो या सगळ्यांच्या वर. आज कृष्णा वीस फुटांवर निवांत वाहत असली तरी मामांच्या घराभोवती पावसाळाभर पाणी असतं. हिरवं, डासांचं, मोकळ्या प्लॉटमध्ये रानगवत माजलेलं. शाळेच्या नातीला खांद्यावर बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत आणायचं आणि मग स्वतः कामावर यायचं, हा त्यांचा जुलै-ऑगस्ट. पाठीवर रोज हळदीची पोती वाहणाऱ्या माणसाला तेवढं वजन जाणवत नसेल, असं मला उगाच वाटायचं. तेच एकदा म्हणाले, “पोतं हालत नाही हो, पोरगी हालती.”

या गुंठ्यांसाठी कायदाही झाला, २००१ चा गुंठेवारी कायदा. १ जानेवारी २००१ पूर्वीचे तुकडे शुल्क भरून नियमित करायचे. पुढं २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आली. म्हणजे मधल्या वीस वर्षांत ज्यांनी ओत कापले त्यांचंही भागलं. गोरगरिबांच्या डोक्यावरचं छत कायदेशीर झालं याबद्दल मला काडीचीही तक्रार नाही. मामांनी ते प्रमाणपत्र देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावलं आहे आणि त्यांचा तो हक्कच आहे. पण नियमित झाला तो प्लॉट. ओत नियमित कसा करणार? तो नकाशावर राहिलाच नाही. विकासशुल्क घेतलं गेलं, त्यातून गटार यायला हवी होती. काही ठिकाणी आली, काही ठिकाणी तिला उतार उलटा मिळाला.

सांगलीला जमीन कळत नव्हती, असं म्हणायची मात्र सोय नाही. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळं होऊन इथं राजधानी केली, तेव्हा गाव नदीला धरून वसलं, कारण पाणी आणि घाट तिथं. पण शंभरेक वर्षांनी मोठ्या जागेचं काही करायचं झालं तेव्हा नजर पूर्वेला, उंचवट्याकडं गेली. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, सांगली आणि मिरजेच्या मध्ये, विश्रामबागेत. वालचंद कॉलेज १९४७ चं, तेही त्याच अंगाला. आजही पुराच्या दिवसांत गावभागातली माणसं नातेवाइकांकडं जातात ती विश्रामबागेच्या नाहीतर मिरजेच्या वाटेनं. आणि जमीन ओळखण्याचं म्हणाल तर हरिपूरची पेवं बघा. जमिनीत खोल खणलेली, वर तोंड अरुंद, आत पोट मोठं. त्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. आमच्या दुकानातले जुने दिवाणजी सांगतात, हरिपूरची जमीनच तशी. शेजारच्या गावात तेच पेव खणलं तर हळद घामेजायची. कुठल्या जागी काय करायचं याचं इतकं बारीक ज्ञान या मुलखात होतं. २००५ च्या पुरात त्यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, पेवं ढासळली. आता माल कोल्ड स्टोरेजमध्ये असतो.

१९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. एकाला नदी, दुसऱ्याला रेल्वे आणि दवाखाने, तिसऱ्याला कारखाने. एकत्र आखणी करायला याहून चांगली संधी नव्हती: वस्ती उंचवट्यावर, सखल भाग मोकळा, मधून नाले वाहते. झालं असं की आखणी यायच्या आधी वस्ती आली. आराखड्यात जी मैदानं, बागा आणि शाळा आरक्षित होतात त्यांचं काय होतं हे दुकानात बसून मला चांगलं ऐकायला मिळतं, कारण अडत्यांचे अर्धे पैसे जमिनीत असतात. नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमात अशी सोय आहे की दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालकानं नोटीस द्यायची, आणि मुदतीत पुढं काही हाललं नाही तर आरक्षण रद्द. महापालिकेकडं जागा घ्यायला पैसे नसतात. मालकाला घाई नसते. दहा वर्षं म्हणजे त्या धंद्यात काहीच नाही. मालकाचं यात चुकतं असंही नाही; पैसे न देता जमीन अडकवून ठेवायची हा कुठला न्याय? पण मैदान जातं ते जातंच, आणि मैदान म्हणजे पावसाच्या पाण्याला दोन दिवस बसायला मिळणारी जागा.

माझा एक मावसभाऊ वरळीच्या बीडीडी चाळीत वाढला. आमच्या खानापूर तालुक्याकडची पुष्कळ माणसं गिरण्यांत गेली, त्यातलेच त्याचे वडील. १९२० च्या दशकातली ती चाळ, १६० चौरस फुटांची खोली, संडास बाहेर. म्हाडानं पुनर्विकास केला, त्यात ५०० चौरस फुटांचा फ्लॅट, तोही फुकट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या किल्ल्या वाटल्या. दादाला अजून मिळायचा आहे, पण तो आतापासून पडदे बघतोय. फोनवर मला म्हणतो, “तुम्ही तिकडं काय घोळ घालताय? बिल्डर बघा, सही करा, मोकळे व्हा.” त्याला वाटतं पुनर्विकास म्हणजे पुनर्विकास, वरळीत काय आणि गावभागात काय. मी त्याला विचारलं, तुझ्या फ्लॅटचे पैसे कोण देणार? तर म्हणाला, “सरकार.” सरकार नाही. त्याच जमिनीवर जे आणखी टॉवर उभे राहणार, त्यातले फ्लॅट कोट्यवधींना विकून ते पैसे येणार. मुंबईत जमिनीचा भाव आभाळाला भिडलेला आहे म्हणून जुन्याला फुकट देऊन नव्याकडून वसूल करता येतं. सांगलीत बांधकामाचा खर्च मुंबईच्या फार मागं नाही, सिमेंट-सळईला गाव कळत नाही. पण विकायचा दर मुंबईच्या पासंगालाही पुरत नाही. मधल्या फटीत चार हिस्सेदार, दोन भाडेकरू आणि बिल्डरचा नफा बसवायचा. त्यातून मग तळमजल्याला गाळे काढावेच लागतात, कारण विकून पैसा येतो तो गाळ्यांतून. म्हणजे जो मजला पाण्यासाठी मोकळा सोडायचा त्याच्याच जिवावर वरचे मजले उभे.

आणि मुंबईला तरी हे कुठं सुटलंय? ज्या पावसाळ्यात आमच्याकडं आयर्विनला ५३ फूट झाले त्याच २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. तोवर कित्येक मुंबईकरांना आपल्याकडं नदी आहे हेच माहीत नव्हतं. तिच्या काठची खाजणं आणि दलदल भरून ऑफिसांचे टॉवर उभे राहिले होते, वर वस्त्या आणि कारखाने पात्रात आले होते. मोठ्या शहरात भराव टाकायला सरकारी प्राधिकरण असतं, आमच्याकडं मुरमाचा डंपरवाला. फरक तेवढाच.

सांगलीत पुराचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण येतं. चहाच्या टपरीवर, लग्नात, आमच्या दुकानात काट्यावर माल चढवता चढवता. धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, लवादानं २०१० मध्ये ती ५२४.२५६ पर्यंत न्यायला कर्नाटकाला मुभा दिली, हे आकडे इथल्या दहावीच्या पोरालाही येतात. उंची वाढवायला विरोध झालाच पाहिजे, धरणाचं पाणी फुगून मागं नदीत तुंबेल ही भीती काल्पनिक नाही, निदान इथं राहणाऱ्याला तसं म्हणवत नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला सांगलीच्या पुराचं कारण धरलं नाही. तेव्हापासून समितीवरच चिडणारे पुष्कळ आहेत. समिती बरोबर की चिडणारे, यात मी पडत नाही. पण त्याच अहवालात पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांबद्दल जे आहे त्यावर टपरीवर कुणी बोलताना ऐकलं नाही. अलमट्टी दूर आहे, तिच्यावर बोललं की शेजाऱ्याच्या कंपाउंड वॉलवर बोलावं लागत नाही. आणि स्वतःच्याही.

त्या निवृत्त गृहस्थांकडं याला एक उत्तर आहे. ते त्यांनी नोकरीत असताना कुणाला ऐकवलं आणि काय झालं, हे ते सांगत नाहीत. उत्तर जुनंच आहे: नगररचना योजना, टीपी स्कीम. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातली. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते, नाले, मैदानं काढायची आणि उरलेलं प्रत्येकाला थोडं कमी पण चौकोनी, रस्त्याला लागून परत द्यायचं. माहीम, विलेपार्ले, सांताक्रूझ असेच आखले गेले. गुजरातेत अजून याच पद्धतीनं शहरं वाढवतात. “शामरावनगर असं झालं असतं,” ते म्हणाले, “तर ओत ओतच्या जागी राहिला असता आणि तुमच्या त्या मामांना गुंठ्याऐवजी पाऊण गुंठा मिळाला असता, कोरडा.” मी म्हटलं, आता? आता घरं झाली. त्यांनी पेपरवरच्या रेघा बोटानं पुसायचा प्रयत्न केला, पेन्सिल होती तरी पुसल्या नाहीत. मग म्हणाले, पुनर्विकास येतोय तो एकेका वाड्याला न येता बोळाला येऊ दे. पूर्ण बोळाचं एक जोतं, एक पातळी, खालून एकच मोकळी वाट नदीपर्यंत.

हे मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग बंगळुरूच्या दिरांनी लिहिलं, “आपल्या चौघांचं एक होईना, बोळ कुठला?” त्यावर मात्र हसण्याचे इमोजी भराभर आले. त्यांचं चूक नाही. मुंबईत भेंडीबाजारची साडेसोळा एकर जमीन एका ट्रस्टनं एकहाती घेतली म्हणून तिथं सलग काही करता आलं. आमच्या बोळात नऊ घरं आणि हिस्सेदार मोजायचे तर उतारे घेऊन बसावं लागेल. दोन घरांचा दावा कोर्टात, एका घराचा मालक कुठं आहे ते त्यालाच माहीत. शेवटच्या टोकाला एक आजी एकट्या राहतात. पूर आला की त्यांना आम्ही खुर्चीत बसवून उचलून आणतो आणि त्या वाटेत सगळ्यांना शिव्या घालतात.

तरीही मागच्या रविवारी मी आणि धाकटे काका शेजारच्या तीन घरांत जाऊन आलो. निदान पार्किंगच्या फरशीची पातळी सगळ्यांनी एक धरू या आणि खाली भिंत चढवायची नाही असं एकमेकांत लिहून घेऊ या, एवढंच. दोघं तयार झाले. एकानं विचारलं, “आणि आमचं आधीच झालंय त्याचं काय, पाडायचं?” त्यांच्या खाली झेरॉक्सचं दुकान आहे.

बिल्डर भेटायला आले ते सोमवारी. तिशीतला मुलगा, बोलायला गोड, आधी आत्यांच्या पाया पडला. मी त्याच्यासमोर नकाशा ठेवला आणि विचारलं, तळमजला पूर्ण मोकळा ठेवला, गाळे काढलेच नाहीत, तर काय होतं? त्यानं मोबाईलवर आकडेमोड केली, प्रामाणिकपणे केली, मला स्क्रीन दाखवून.

“काकू, मग प्रत्येकाचा एक बेडरूम जातो.”

काका म्हणाले, “पुण्यातल्यांना विचारावं लागेल.” आत्या आतून म्हणाल्या, “त्यांना कशाला? त्यांच्याकडं पाणी येतंय होय?”

ग्रुपवर मी तो आकडा टाकला आहे. निळ्या टिकल्या सगळ्यांच्या आल्या आहेत.